इंग्रजी शिकायचंय? आधी एक गाव निवडा

मे महिन्यात नागपूरला कुणाच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी गार पाणी मिळतं, मग कूलरसमोरची खुर्ची. लेकरू सुखरूप परतलं की आईचे डोळे निवतात. भडकलेल्या माणसाचं डोकं तापतं, आणि तो शांत झाला की 'थंड झाला एकदाचा' असं आपण म्हणतो. आपल्या भाषेत गारवा सुखाचा, ताप त्रासाचा. इंग्रजीत नेमकं उलट आहे. तिथे स्वागत 'वॉर्म' असतं, प्रेमळ माणूस 'वॉर्म' असतो, तुसडा माणूस 'कोल्ड' असतो, आणि कुणी मुद्दाम टाळलं तर त्याने 'कोल्ड शोल्डर' दिला असं म्हणतात.

शाळेत हे वाक्प्रचार यादी करून पाठ करून घेतात आणि परीक्षा संपली की ते डोक्यातून जातात. यादीच्या शेजारी नकाशा उघडून ठेवला तर पाठांतर बरंच हलकं होतं. मुंबई विषुववृत्तापासून १९ अंश उत्तरेला आहे, लंडन साडेएक्कावन्न अंशांवर. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. अशा मुलखात ऊब म्हणजेच सुख, आणि ते भाषेत उतरणारच.

पावसाचंही तसंच. आपल्याकडे पाऊस म्हणजे पेरणी, धरणं भरणं, जीवात जीव येणं. इंग्रज माणूस मात्र 'रेनी डे'साठी पैसे बाजूला टाकतो, कारण त्याच्या लेखी पावसाचा दिवस म्हणजे अडचणीचा दिवस. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत उरकतो. लंडनला जेमतेम ६०० मिलिमीटर, पण तो बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो. म्हणून त्यांना 'ड्रिझल', 'शॉवर', 'स्पेल', 'सनी इंटरव्हल' असे बारीक भेद करणारे शब्द लागतात, आणि बसस्टॉपवर अनोळखी माणसाशी बोलायला हवामान हा विषय रोज ताजा मिळतो.

भाषा जिथे वाढली तिथली जमीन, समुद्र, हवा आणि तिथे येऊन राहिलेली माणसं कळली की तिच्या विचित्र वाटणाऱ्या कितीतरी गोष्टींना कारण सापडतं, आणि कारण कळलेली गोष्ट लक्षात राहते. अडचण एवढीच, की 'इंग्रजी बोलणाऱ्या देशांचा भूगोल आणि संस्कृती' हा विषय समुद्राएवढा आहे. राजधान्या, झेंडे आणि राष्ट्रीय फुलं पाठ करून इंग्रजी येत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की एकच गाव निवडा आणि काही महिने त्या गावात मनाने राहा. कसं, ते दाखवण्यासाठी मी इथे व्हिटबी हे गाव घेतो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशरमध्ये, एस्क नदी जिथे उत्तर समुद्राला मिळते तिथलं हे छोटं बंदर.

नावांचे थर

व्हिटबीच्या नावातला शेवटचा 'बी' म्हणजे वस्ती. हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे, व्हायकिंगांचा, म्हणजे नॉर्वे-डेन्मार्ककडून जहाजांनी आलेल्या लोकांचा. ७९३ साली या किनाऱ्याच्या उत्तरेला लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर त्यांनी हल्ला केला. पुढे नवव्या शतकात ते लुटून परत जाण्याऐवजी इथेच जमिनी कसून राहू लागले आणि त्यांची नॉर्स भाषा शेजाऱ्यांच्या इंग्रजीत मिसळली. इंग्लंडचा नकाशा मोठा करून पाहा. ग्रिम्सबी, सेल्बी, डर्बी अशी 'बी'ने संपणारी नावं उत्तरेत आणि पूर्वेत दाटीने सापडतील, दक्षिणेतल्या ससेक्स-डेव्हनकडे क्वचित. व्हायकिंग कुठवर वसले त्याची सीमारेषा नकाशावर अजून अशी दिसते.

आता व्हिटबीच्या रस्त्यांची नावं वाचा: फ्लॉवरगेट, बॅक्स्टरगेट, हॅगर्सगेट. यातल्या एकाही ठिकाणी दरवाजा नाही. नॉर्समध्ये 'गाता' म्हणजे रस्ता, त्याचंच हे 'गेट'. बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारे, म्हणून बॅक्स्टरगेट ही पाववाल्यांची आळी, पुण्यातल्या तांबट आळीसारखी. हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण ज्या 'बायलॉज'वरून तावातावाने भांडतो, त्या शब्दाचं मूळही त्याच नॉर्स कुळात जातं.

नॉर्समधून इंग्रजीत आलेले शब्द पाहिले तर थक्क व्हायला होतं: स्काय, एग, नाइफ, विंडो, लेग, स्किन, हजबंड, टेक, गेट (मिळवणं), कॉल, लॉ, राँग. यातला एकही शब्द दरबारी किंवा पंडिती नाही. सगळे चुलीपाशी, शेतात, बाजारात लागणारे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामंसुद्धा तिथूनच आली. एखादी भाषा दुसरीकडून नामं सहज घेते, सर्वनामं सहसा घेत नाही. ती घेतली याचा अर्थ ही माणसं रोज शेजारी राहत होती, लग्नं करत होती, एकमेकांची पोरं सांभाळत होती.

आणि नदी? एस्क हे नाव व्हायकिंगांच्या आणि इंग्रजांच्याही आधीच्या केल्टिक लोकांचं. ब्रिटनमधल्या बऱ्याच नद्यांची नावं अशी जुनी आहेत. राज्यं बदलली, गावं नव्याने वसली, नद्यांची नावं तशीच राहिली. 'एव्हन' नावाच्या तर अनेक नद्या आहेत, कारण वेल्श भाषेत 'आवोन' म्हणजेच नदी.

किनाऱ्यावरून बोट फिरवत एक खेळ करून पाहा. नदी समुद्राला मिळते तिथल्या गावांची नावं शोधा. प्लिमथ, बोर्नमथ, टाइनमथ यांच्या शेवटी 'माउथ' आहे, ते इंग्रजी. ॲबरडीन, ॲबरिस्टविथ यांच्या सुरुवातीचा 'ॲबर' जुन्या ब्रिटन लोकांचा, आजच्या वेल्शच्या पूर्वजांचा. इन्व्हरनेसमधलं 'इन्व्हर' स्कॉटलंडच्या गेलिकमधलं. तिन्हींचा अर्थ एकच, नदीचं मुख. मँचेस्टर, लँकेस्टर, लेस्टर या नावांत रोमन छावणीचा लॅटिन शब्द दडलेला आहे. यातल्या लेस्टरच्या (Leicester) स्पेलिंगमध्ये जी जास्तीची अक्षरं दिसतात ती कधीकाळी उच्चारली जात होती. जिभेने वाट सोपी केली, कागदावरचं नाव तसंच राहिलं. १४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, त्या सुमारास उच्चार झपाट्याने बदलत होते आणि छपाईमुळे स्पेलिंग मात्र हळूहळू थिजत गेलं. 'नाइट'मधला मुका 'जीएच' हा त्या जुन्या उच्चाराचा उरलेला अवशेष आहे.

पुलावरून, पायऱ्यांनी, चर्चवरून पुढे

मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला इंग्रजीत सर्वात जास्त छळतात ते 'इन', 'ऑन', 'ॲट', 'बाय', 'अलाँग' हे चिल्लर शब्द. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांच्या नियमांची पानंच्या पानं असतात. माझं मत असं, की हे शब्द कोष्टकातून शिकूच नयेत, चालत शिकावेत.

व्हिटबीचा नकाशा समोर घ्या. एस्क नदीने गावाचे दोन भाग केलेत आणि मध्ये एक पूल आहे, जहाज आलं की वळून वाट देणारा. पश्चिमेकडून निघा. 'गो अक्रॉस द ब्रिज.' पूल ओलांडून पलीकडे गेलो, म्हणून 'अक्रॉस'. 'वॉक अलाँग चर्च स्ट्रीट.' रस्त्याच्या लांबीने चाललो, म्हणून 'अलाँग'. पुढे टेकडीवर चढणाऱ्या प्रसिद्ध १९९ पायऱ्या लागतात: 'अप द स्टेप्स'. वर सेंट मेरीचं चर्च आहे, तिथे थांबायचं नाही, त्याच्यावरून पुढे जायचं: 'पास्ट द चर्च'. आणि शेवटी भग्न मठ: 'टु द ॲबी'. उतरताना 'डाउन', पुलावरून परत 'ओव्हर द ब्रिज', मग धक्क्याने चालत 'अलाँग द की', आणि तिथून 'खैबर पास' नावाच्या चढाच्या रस्त्याने 'अप टु द क्लिफ'. हो, व्हिटबीत खैबर खिंडीच्या नावाचा रस्ता आहे! हीच वाट चार दिवस मोठ्याने बोलत चाललात, नकाशावर बोट ठेवून का होईना, तर हे शब्द अंगवळणी पडतात.

स्थिर जागांसाठी आपली मराठी इथे छान मदत करते. व्हिटबी यॉर्कशरमध्ये आहे: 'इन यॉर्कशर'. किनाऱ्यावर आहे: 'ऑन द कोस्ट'. नदीच्या मुखाशी आहे: 'ॲट द माउथ ऑफ द रिव्हर'. आपल्या '-त', '-वर' आणि '-शी' या प्रत्ययांशी 'इन', 'ऑन', 'ॲट' यांची इथे सरळ जोडी जुळते. वेढलेली जागा असेल तर 'इन', रेघ किंवा पृष्ठभाग असेल तर 'ऑन', ठिपका असेल तर 'ॲट'. होड्या बंदरात असतात तेव्हा 'इन द हार्बर', कारण बंदराला भिंतींचा वेढा आहे. कोळी खोल समुद्रात गेले की 'ॲट सी'. समुद्राच्या कडेला बसून फिश अँड चिप्स खाल्ले तर 'बाय द सी'. सगळीकडे ही जोडी जुळत नाही. आपण बसमध्ये बसतो, ते 'ऑन द बस' असतात. पण नव्वद वाक्यं जुळली की उरलेली दहा वेगळी लक्षात ठेवता येतात.

समुद्राने दिलेली भाषा

ब्रिटनमध्ये कुठेही उभे राहा, समुद्र फार तर सव्वाशे किलोमीटरच्या आत असतो. ही गोष्ट एकदा मनात बसली की इंग्रजीत इतकी जहाजं का फिरतात ते कळतं. नवा माणूस कामाला लागला की त्याला 'रोप्स' दाखवतात, कारण शिडाच्या जहाजावर कुठला दोर कशाचा हे कळणं हीच पहिली नोकरी. अचानक धक्का बसला की माणूस 'टेकन अबॅक' होतो. वारा समोरून येऊन शीड उलटं डोलकाठीवर आदळलं की जहाज जागच्या जागी अडतं, त्या अवस्थेचं हे नाव. 'बाय अँड लार्ज' ही शब्दजोडीही शिडाच्या जहाजांचीच: 'बाय' म्हणजे वाऱ्याच्या जवळजवळ विरुद्ध, 'लार्ज' म्हणजे वारा पाठीशी घेऊन. दोन्ही स्थितींत, म्हणजेच एकंदरीत.

व्हिटबीच्या जहाजांचं एकेकाळचं मोठं काम कोळसा वाहण्याचं. टाइन नदीवरच्या न्यूकॅसलहून निघालेला कोळसा किनाऱ्याने लंडनला जायचा. 'न्यूकॅसलला कोळसा नेणं' हा वाक्प्रचार, जिथे एखादी वस्तू मुबलक आहे तिथेच ती घेऊन जाण्याचा वेडेपणा, या किनाऱ्यावर उभं राहिलं की समजावून सांगावा लागत नाही. इथल्या कड्यांत 'जेट' नावाचा काळाभोर पदार्थ सापडतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं लाकूड दाबलं जाऊन तो तयार झाला. १८६१ साली राणी व्हिक्टोरियाचा नवरा वारला, ती दुखवट्यात गेली, आणि व्हिटबीच्या जेटच्या दागिन्यांना देशभर मागणी आली. काळ्याकुळकुळीत रंगाला इंग्रजीत 'जेट ब्लॅक' म्हणतात ते याच पदार्थावरून, विमानाशी त्याचा संबंध नाही.

हवामानाकडे पुन्हा येऊ, कारण रोजच्या सरावासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही. उन्हाळ्यातसुद्धा समुद्रावरून अचानक धुकं सरकत येतं. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर त्याला 'फ्रेट' म्हणतात, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर 'हार'. जूनमध्ये इथे दिवस सव्वासतरा तासांचा असतो, डिसेंबरात सव्वासात तासांचा. मुंबईत हाच फरक जेमतेम सव्वादोन तासांचा आहे. 'लाँग समर इव्हनिंग' या शब्दांत इंग्रज माणसाला केवढं सुख दिसतं ते या आकड्यांवरून कळेल.

बीबीसीच्या 'रेडिओ ४'वर दर्याच्या हवामानाचा अंदाज वाचून दाखवतात. ब्रिटनच्या भोवतालचा समुद्र ३१ भागांत विभागला आहे: व्हायकिंग, फोर्टीज, क्रॉमर्टी, टाइन, डॉगर, फिशर अशी त्यांची नावं. किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या अंदाजात तर 'बेरिक अपॉन ट्वीड टु व्हिटबी' असा पट्टाच आहे. वाचणारा संथ, स्पष्ट बोलतो, शब्द मोजके आणि रोज तेच: आधी वारा, मग पाऊस, मग किती लांबचं दिसेल ते. 'रेन लेटर. गुड, ऑकेजनली पुअर.' यातलं 'गुड' पावसाबद्दल नाही, दृश्यमानतेबद्दल आहे. क्रम एकदा कळला की आठवडाभरात कान सरावतो. ज्यांना इंग्रजी बातम्या फार भरभर वाटतात त्यांनी इथून सुरुवात करावी. कोकणातल्या वाचकांना तर भरती-ओहोटीची तक्ती वाचायला मजा येईल: उधाणाची भरती म्हणजे 'स्प्रिंग टाइड', भांगाची म्हणजे 'नीप टाइड'. यातल्या 'स्प्रिंग'चा वसंत ऋतूशी संबंध नाही, पाणी उसळतं म्हणून ते नाव.

टेकडीवरचा मठ आणि कचेरीतली भाषा

वर टेकडीवर जो भग्न मठ दिसतो तिथे ६५७ साली हिल्ड नावाच्या बाईच्या अधिकाराखाली मठ सुरू झाला. स्त्रिया आणि पुरुष दोघेही तिथे राहत. ६६४ मध्ये ईस्टर कधी पाळायचा यावर तिथे मोठी सभा झाली. त्याच मठात कॅडमन नावाचा एक गुराखी होता. नाव ठाऊक असलेला इंग्रजीतला सर्वात जुना कवी तो. जेवणानंतर गाण्याची पाळी आपल्याकडे येतेय असं दिसलं की तो लाजून उठून गोठ्यात जायचा, अशी कथा आहे. इंग्रजी कवितेची सुरुवात दरबारात नव्हे, गुरं राखणाऱ्या माणसाच्या तोंडून झाली, हे आपल्या संतपरंपरेत वाढलेल्या वाचकाला जवळचं वाटेल.

मठाचे आजचे अवशेष मात्र नंतरचे आहेत, नॉर्मन आल्यानंतरचे. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबार, न्याय आणि महसूल फ्रेंचमध्ये चालला. कोर्ट, जज, ज्युरी, क्राइम, प्रिझन, टॅक्स, रेंट, गव्हर्नमेंट, पार्लमेंट हे सगळे शब्द तिथून आले. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे बहमनी आणि आदिलशाही काळात कारभार बराचसा फारसीत चालला, म्हणून आजही अर्ज, फिर्याद, वकील, जामीन, तारीख, दफ्तर हे शब्द कचेरीत आहेत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन त्यांना संस्कृत पर्याय दिले, इंग्लंडमध्ये फ्रेंच शब्द तसेच मुरले. आजही ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्याला राजाची संमती मिळाल्याचं फ्रेंच वाक्यात जाहीर होतं.

याचा रोजच्या इंग्रजीवर थेट परिणाम आहे. एकाच अर्थाचे दोन शब्द, एक मातीतला, एक दरबारी: 'बाय' आणि 'परचेस', 'बिगिन' आणि 'कमेन्स', 'हेल्प' आणि 'असिस्ट', 'आस्क' आणि 'एन्क्वायर'. आपण इंग्रजी शिकलो ते सरकारी पत्रांतून, म्हणून आपल्या तोंडी सहज 'आय परचेस्ड अ शर्ट' येतं. चूक काहीच नाही, पण ऐकणाऱ्याला ते 'मी सदरा खरेदी केला' असं वाटतं. मित्राशी बोलताना मातीतला शब्द वापरा, करारावर सही करताना दरबारी. दोन शब्दांतला कुठला कुठे हे ठरवायला मला तरी याहून सोपा मार्ग सापडलेला नाही.

आदर कुठे गेला?

आपल्याकडे 'पाणी द्या' म्हटलं की त्या 'द्या'तच आदर आला. पुढे 'ना' लावला तर आर्जवही आलं. हेच वाक्य इंग्रजीत 'गिव्ह मी वॉटर' केलं की हुकूम होतो, आणि हुकूम दिल्याचं आपल्याला कळतही नाही. इंग्रजीत एकेकाळी 'दाउ' आणि 'यू' असा 'तू-तुम्ही'सारखा भेद होता. सतराव्या शतकाच्या सुमारास रोजच्या बोलण्यातून 'दाउ' मागे पडला आणि सगळे 'यू' झाले. यॉर्कशरच्या जुन्या माणसांच्या बोलीत 'दी' आणि 'दा' अजून कानावर पडतात. सर्वनामातला आदर गेला, पण माणसांना एकमेकांचा मान राखायचा होताच, म्हणून तो वाक्याच्या घडणीत शिरला. 'कुड आय हॅव अ कप ऑफ टी, प्लीज?' यात मागणं नाही, परवानगी विचारणं आहे. 'आय ॲम अफ्रेड वी आर क्लोज्ड' म्हणणारा दुकानदार घाबरलेला नसतो, तो नकाराची धार बोथट करतो. 'सॉरी टु बॉदर यू', 'वुड यू माइंड', 'आय वंडर इफ' हे सगळे त्यांचे अहो-जाहो आहेत. ते वरवरचे उपचार समजून सोडू नका. परदेशात गेलेल्या आपल्या मुलांबद्दल 'तुटक बोलतात' असा जो समज होतो, त्यामागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं.

जेवणाच्या शब्दांचं जपून. यॉर्कशरमध्ये कुणी 'कम फॉर टी' म्हटलं तर बऱ्याचदा संध्याकाळचं जेवण असतं, आणि 'डिनर' दुपारी होतो. घरून जेवून जाऊ नका. आणखी एक, स्कॉटिश किंवा वेल्श माणसाला 'इंग्लिश' म्हणू नका. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून युनायटेड किंगडम होतं. फुटबॉलच्या विश्वचषकाला चौघांचे संघ वेगळे असतात. आयर्लंडचं प्रजासत्ताक तर स्वतंत्र देशच आहे.

जहाज निघालं, शब्द निघाले

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास जेम्स कुक नावाचा मुलगा व्हिटबीत कोळशाच्या जहाजांवर उमेदवारीला लागला. १७६८ मध्ये तो ज्या 'एन्डेव्हर' जहाजावरून पॅसिफिक महासागराच्या सफरीला निघाला, तेही व्हिटबीतच बांधलेलं, मुळात कोळशाचंच. १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याशी ते प्रवाळाच्या खडकावर आदळलं. दुरुस्तीसाठी नदीच्या मुखाशी थांबावं लागलं, तेव्हा तिथल्या गूगू यिमिथिर भाषेतून एका उड्या मारणाऱ्या प्राण्याचं नाव टिपलं गेलं: 'कांगारू'. इंग्रजीने जगभर हेच केलं. नवा प्राणी दिसला की तिथलंच नाव उचललं. 'मंगूस' हा शब्द तर आपल्या मुंगसावरून गेला आहे.

पण वसाहतवाल्यांनी नवे शब्द घेतले त्याहून जास्त जुने शब्द नव्या जमिनीवर चिकटवले, आणि खरा गोंधळ तिथे होतो. इंग्लंडमध्ये 'क्रीक' म्हणजे भरतीचं पाणी आत शिरणारी खाडी. ठाण्याच्या खाडीला 'ठाणे क्रीक' हे नाव त्याच अर्थाने मिळालं. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मात्र 'क्रीक' म्हणजे साधा ओढा, समुद्रापासून हजार किलोमीटर आतसुद्धा. 'कॉर्न' इंग्लंडमध्ये परंपरेने कुठलंही धान्य, मुख्यतः गहू. अमेरिकेत पोचल्यावर तिथलं मुख्य धान्य मका, म्हणून 'कॉर्न' म्हणजे मका झाला. आपल्या तोंडचं 'स्वीट कॉर्न' अमेरिकेकडून आलं. 'रॉबिन' पक्षीही अमेरिकेत वेगळाच आहे. घराची आठवण येणाऱ्या माणसांनी लाल छाती पाहून त्याला जुनं नाव दिलं.

दिशाही उलटतात. ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेकडून तळपतो, म्हणून घराच्या जाहिरातीत 'नॉर्थ फेसिंग' हे कौतुकाने लिहितात, नाताळ भर उन्हाळ्यात येतो आणि 'अप नॉर्थ' म्हणजे उकाडा. अमेरिकेत रस्ता सांगण्याची भाषाच निराळी. १७८५ च्या कायद्याने तिथल्या नव्या जमिनी सहा-सहा मैलांच्या चौकोनांत मोजायला घेतल्या आणि १८११ च्या आराखड्याने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनवर रस्त्यांच्या चौकटी आखल्या गेल्या. म्हणून अमेरिकन माणूस 'टू ब्लॉक्स नॉर्थ' असं सांगतो. व्हिटबीच्या वळणावळणाच्या बोळात 'ब्लॉक' सापडणारच नाही, तिथे 'जस्ट पास्ट द चर्च' म्हणतात. आपणही देवळावरून डावीकडे, वडापाशी, असंच सांगतो.

तुमचं गाव कसं निवडाल

व्हिटबीच घ्या असं नाही. कुणाची मुलगी न्यूझीलंडला नर्स म्हणून जाणार असेल तर तिथलं एखादं छोटं शहर घ्या. तिथे 'कीया ओरा' हे माओरी अभिवादन रोजच्या इंग्रजीत मिसळलेलं भेटेल. मुलगा अमेरिकेत शिकायला जाणार असेल तर त्या विद्यापीठाचं गाव घ्या, आणि फॅरनहाइटची सवय लावून घ्या. 'इट्स इन द सेव्हंटीज' म्हणजे एकवीस-बावीस अंशांच्या पुढची सुखाची हवा. गाव लहान असावं. लंडन किंवा न्यूयॉर्क निवडलंत तर हरवून जाल.

सकाळी त्या गावाचं हवामान इंग्रजीत वाचा आणि मोठ्याने एका वाक्यात सांगा. आठवड्यातून दोनदा स्थानिक बातम्या चाळा. तिथली भांडणं पार्किंग, कचरा, शाळा आणि समुद्रपक्ष्यांनी हातातले चिप्स पळवण्यावरून चालतात, त्यामुळे शब्द रोजच्या कामाचे मिळतात. रविवारी नकाशावर एक नवी वाट चाला, स्ट्रीट व्ह्यू असेल तर दुकानांच्या पाट्या वाचत. वहीत सुटे शब्द लिहू नका, शब्द जिथे भेटला ते अख्खं वाक्य लिहा आणि शेजारी ठिकाणाचं नाव. महिन्याच्या शेवटी कुणाला तरी फोन करून त्या गावाबद्दल पाच मिनिटं इंग्रजीत सांगा: कुठे आहे, हवा कशी, लोक काय करतात, मठाकडे कसं जायचं. अडखळाल, चालेल. सांगण्यासारखं तुमच्याकडे काहीतरी असेल, आणि स्पोकन इंग्लिशच्या वर्गात नेमकं तेच नसतं. तिथे 'माय सेल्फ' पासून सुरुवात होते आणि तीन वाक्यांत विषय संपतो.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा: नकाशात गाव शोधा, नदी असेल तर तिचं नाव कुठल्या भाषेतलं ते पाहा, पाच रस्त्यांची नावं उतरवून घ्या, आणि पुलापासून चर्चपर्यंतची वाट मोठ्याने सांगा.